डोंगरावरच्या गावाचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, वाचायचा कसा? माथेरान समोर ठेवून बघू

ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं आणि आमच्या कळव्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे आता सरळ वरपर्यंत रस्ता करून टाका, गाड्या जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसांनी दस्तुरीपासून (गाड्या जिथे थांबवतात तो नाका) किती चालायचं, आणि दुसरी म्हणे काही करू नका, एक वीटसुद्धा लावू नका, आहे तसं राहू द्या. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशांचं काम करते, म्हणून मग कोणीतरी विचारलंच, ताई तुम्हीच सांगा, अशा गावाचा प्लॅन करतात तरी कसा? ग्रुपवर दोन मेसेजात बसणारं उत्तर नाही ते, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

सुरुवात कायद्यापासून करते, कंटाळवाणा भाग आहे तर पटकन उरकू. महाराष्ट्रात कुठल्याही शहराचा विकास आराखडा, ज्याला आपण सगळे डीपीच म्हणतो, तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना कायदा १९६६ खाली बनतो. नगरपरिषद किंवा महापालिका आधी जाहीर करते की आम्ही डीपी करणार आहोत, मग सध्या कुठल्या जागेवर काय आहे त्याचा सर्व्हे होतो (घर, दुकान, जंगल, शाळा, पडीक, सगळं), त्यावरून प्रारूप नकाशा छापतात, लोकांकडून हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते, बदल होतात, आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देतं. वीस वर्षांतून एकदा तो सुधारायचा असतो. कागदावर हे सगळं सरळ दिसतं, प्रत्यक्षात नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला झाली आणि तिचा स्वतःचा प्रारूप डीपी लोकांसमोर आला २०२२ ला, म्हणजे तीस वर्षांनी, आणि हे त्या शहराचं जे मुळात आखून बांधलेलं म्हणून ओळखलं जातं. तेव्हा छोट्या नगरपरिषदेकडून काय स्पीडची अपेक्षा ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

आता डोंगर आला की यावर आणखी एक थर चढतो. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि आजूबाजूचा पट्टा इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा नाजूक पट्टा, म्हणून जाहीर केला. माथेरान शहर म्हणजे नगरपरिषदेची हद्द जेमतेम ७ चौरस किलोमीटर, आणि हा झोन आहे २१४.७३ चौरस किलोमीटरचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच येणार आहे. या झोनसाठी वेगळा झोनल मास्टर प्लॅन करायचा, त्यात पर्यटनाचा वेगळा प्लॅन, आणि सगळ्यावर लक्ष ठेवायला एक मॉनिटरिंग कमिटी असं त्या अधिसूचनेत आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत बिल्डिंगचा प्लॅन पास करताना जी एकत्रित नियमावली लागते, २०२० ची, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती थंड हवेच्या ठिकाणच्या गिरीस्थान नगरपरिषदांना आणि अशा इको सेन्सिटिव्ह पट्ट्यांना लागूच नाही. त्यामुळे "आमच्या घोडबंदरला एवढा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) मिळतो मग तिथे का नाही" हा प्रश्नच बाद होतो.

डीपीचा नकाशा पहिल्यांदा उघडला की माणूस रंग बघतो. पिवळा म्हणजे राहण्याची वस्ती, निळा दुकानं-धंदे, हिरवा बागा-जंगल, आणि मधे मधे नंबर टाकलेले तुकडे म्हणजे आरक्षणं, म्हणजे इथे शाळा, इथे पार्किंग, इथे कचरा प्रकल्प. सपाट शहरात एवढं पुरतं. डोंगरावरच्या गावात मात्र रंग सगळ्यात शेवटी बघायचे. आधी बघायचा उतार, मग पाणी, मग माणसं, आणि या तिघांनी जेवढी जागा शिल्लक ठेवली तेवढ्यातच रंग भरायचे. मला तरी अशा गावाच्या प्लॅनमधली मुख्य गोष्ट हीच वाटते. आणि गडबड होते तीसुद्धा इथेच, आधी रंग भरले जातात आणि मग उतार-पाण्याची सोय लावायची धडपड चालते.

उतार नकाशावर दिसतो समोच्च रेषांवरून, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या वेड्यावाकड्या रेषा. आपल्याकडे डोंगर-उताराच्या नियमांत १:५ हा आकडा नेहमी येतो, म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करायचं नाही असा ढोबळ नियम. आता हे घरबसल्या कसं तपासायचं ते सांगते. समजा नकाशा १:२००० स्केलचा आहे (नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर वीस मीटर) आणि रेषा दर ५ मीटरला आहेत. ५ मीटर चढायला १:५ ने २५ मीटर आडवं अंतर लागतं, आणि २५ मीटर म्हणजे या नकाशावर साडेबारा मिलिमीटर. तुमच्या अंगठ्याच्या नखाची रुंदी साधारण एवढीच असते. दोन रेषांच्या मधे नख मावत नसेल तर ती जागा बांधायची नाही. मग त्यावर पिवळा रंग असो की हॉटेलचं आरक्षण असो. आमच्या ऑफिसात नवीन पोरं सॉफ्टवेअरमधून उताराचे रंगीत नकाशे काढतात, छान असतात ते, पण कोणाच्याही हातात पीडीएफची प्रिंट असली की नखाने काम भागतं.

माथेरानची गंमत अशी की माथा बऱ्यापैकी सपाट आहे, वर जांभा दगड आणि लाल माती, खाली बेसॉल्टचे कडे सरळ तुटलेले. म्हणजे वर बांधायला जागा आहे असं वाटतं पण कडेला गेलं की संपलं. जी पॉइंटं आपण बघायला जातो ती हीच कड. आणि ट्रेनवाल्यांनी हा उतार शंभर वर्षांपूर्वी जेवढा मनावर घेतला तेवढा नंतर कोणी घेतला नाही असं मला वाटतं. १९०७ ला आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळ-माथेरान लाइन पूर्ण केली, सुमारे २१ किलोमीटर, सगळ्यात जास्त चढ १:२०. रस्त्याने याच्या अर्ध्याहून कमी अंतर आहे, पण गाडी डोंगराला वळसे घालत घालत जाते कारण तिला डोंगर कापायचा नव्हता. तरीसुद्धा २६ जुलै २००५ च्या पावसात ती वाहून गेलीच आणि पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, २०१९ च्या पावसाने परत मोडली आणि नेरळपासून वरपर्यंतची गाडी ऑक्टोबर २०२२ ला धावली. मधल्या काळात अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ते माथेरान शटल होती म्हणून वरच्या लोकांचं निभावलं.

आता पाणी. पाण्याचे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि बातम्यांमध्ये तिन्ही एकत्र कालवलेले असतात.

पहिला प्यायचं पाणी. वर शार्लोट लेक आहे, आणि बाकीचं पाणी खालून नेरळच्या बाजूने पंप करून चढवतात. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ होती. शहरासाठी माणशी १३५ लिटर रोज धरतात, म्हणजे गावाला लागलं साधारण ६ लाख लिटर. आता समजा एखाद्या शनिवारी ५,००० माणसं मुक्कामाला आली. हॉटेलात माणशी १८० लिटर धरायचा नियम आहे, झाले ९ लाख लिटर. म्हणजे गावाला लागतं त्याच्या दीडपट पाणी पाहुण्यांनाच. आणि हे पाणी साडेसातशे मीटर वर चढवायचं आहे. हजार लिटर पाणी एवढं वर न्यायला नुसत्या गणिताने दोन युनिट वीज लागते, पंपाचा लॉस धरला तर तीनच्या वर जाते. म्हणजे हॉटेलात आपण एकदा आंघोळीला नळ सोडून ठेवला की खाली कुठेतरी मीटर फिरतंच असतं. डीपीमध्ये जेव्हा "प्रस्तावित हॉटेल" असं लिहिलेलं दिसतं तेव्हा त्याच्यासमोर हा पाण्याचा आकडा लिहिलाय का ते बघा. बहुतेक वेळा नसतो.

दुसरा प्रश्न पावसाच्या पाण्याचा आणि हा आपल्या लोकांना अजिबात कळत नाही कारण शहरात पाऊस म्हणजे गटार तुंबणं एवढंच. माथेरानला वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या दुपटीच्या वर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं, सोपं आहे. आता तीन किलोमीटर लांब आणि चार मीटर रुंद रस्ता घ्या. बारा हजार चौरस मीटर झाले. वर्षभरात त्याच्यावर सहा कोटी लिटर पाणी पडतं, आणि २०० मिलिमीटरवाला एखादा दिवस आला, तिथे येतोच, तर त्या एका दिवसात २४ लाख लिटर. मातीचा रस्ता यातलं बरंच पाणी आत घेतो, खाली जांभा आहे तोही घेतो, ते झऱ्यांतून हळूहळू बाहेर येतं. त्याच रस्त्याला खाली काँक्रीटचा थर दिला की सगळं पाणी बाजूला सुटतं, आणि सुटलेलं पाणी उतार शोधतं, आणि जिथून ते कड्यावरून खाली पडतं तिथली माती झाडासकट जाते. झाडाची मुळं उघडी पडलेली तुम्ही माथेरानला बघितली असतील, फोटो छान येतात त्यांचे, पण ती खरं तर मातीची धूप आहे.

म्हणूनच माथेरानच्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक लावण्यावरून एवढं कोर्टापर्यंत भांडण गेलं. लोकांना वाटतं ब्लॉक लावले तर काय बिघडलं. दोन्ही बाजूंत दम आहे. मातीच्या रस्त्यावर उन्हाळ्यात लाल धुरळा उडतो, तो फुफ्फुसात जातो, पावसात चर पडतात, रस्ता दरवर्षी वाहून जातो, ई-रिक्षा त्यावरून नीट चालत नाही. ब्लॉक लावले तर घोड्यांचे पाय घसरतात आणि पाणी वर सांगितलं तसं पळतं. कोर्टाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मातीचे पेव्हर चालतील पण खाली काँक्रीट घालायचं नाही, आणि आतल्या रस्त्यांना-पॉइंटांना ते लावायचे नाहीत, अशी मधली वाट काढली. मला हे पटतं. कारण यात रस्ता हवा की नको असा प्रश्न न ठेवता, कुठल्या तुकड्यावर किती वजन जाणार आणि पाणी कुठे उतरणार असं बघितलंय. डीपी करताना असंच बघायला पाहिजे.

तिसरं सांडपाणी. याच्यावर बोलायला कोणाला आवडत नाही. जांभा स्पंजसारखा भोकाभोकांचा दगड, त्यामुळे सेप्टिक टँकचा शोषखड्डा भरतो आहे की नाही ते कळतच नाही, सगळं खाली झिरपतं. आणि झिरपलेलं कुठल्या झऱ्याला जाऊन मिळतं ते कोणी विचारत नाही. वर साडेचारशेच्या आसपास परवान्याचे घोडे आहेत, त्यांची लीद रस्त्यावर, पहिल्या पावसात ती पण पाण्यात. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) निसर्गऋण तंत्राचा बायोगॅस प्लांट माथेरानला बसवलेला आहे, हॉटेलच्या उष्ट्या-खरकट्यासाठी, ही फार चांगली सोय आहे आणि अशी आणखी एक-दोन जागा आराखड्यात राखून ठेवायला हव्यात, घोड्यांच्या तबेल्यांच्या जवळ. पण आरक्षणात "घनकचरा प्रकल्प" दिसला की शेजारचा पहिली हरकत त्यालाच घेतो. कळव्यात असो की माथेरानला, माणसाचा स्वभाव सारखाच.

आता माणसांकडे येऊ. नेहमीच्या शहराच्या डीपीत वीस वर्षांनी लोकसंख्या किती होईल याचा अंदाज काढतात आणि त्याप्रमाणे शाळा-दवाखाने-पाणी मोजतात. माथेरानला ही पद्धत लावली तर गंमत होते, कारण २००१ ला लोकसंख्या पाच हजारांच्या वर होती ती २०११ ला ४,३९३ झाली. गाव घटतंय! आणि पाहुणे वाढताहेत. म्हणजे नुसती कायमची माणसं मोजली तर काहीच बांधायची गरज नाही असं उत्तर येतं, आणि जूनमधला पावसाळी रविवार धरून मोजलं तर निम्मा डोंगर पार्किंग करावा लागेल. दोन्ही उत्तरं चुकीची. घरात लग्न आहे म्हणून कोणी कायमचे दहा संडास बांधत नाही, मांडव घालतो, पाहुण्यांना दोन घरांत वाटतो आणि पत्रिकाच मोजून छापतो. तेच इथे.

पत्रिका मोजून छापणं म्हणजे रोज किती माणसं वर सोडायची ते ठरवणं. तमिळनाडूत मद्रास हायकोर्टाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास लागू झाला, आणि नंतर रोजच्या गाड्यांनाही मर्यादा घातली, उटीला आठवड्याच्या दिवसांत ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००. माथेरानला तर हे करणं सगळ्यात सोपं, गाडीने येणारा प्रत्येक जण दस्तुरी नाक्यालाच थांबतो, तिथे प्रवेशकर भरतो, म्हणजे मोजायची खिडकी आधीपासूनच आहे. सिमल्याने हे केलं नाही आणि २०१८ च्या उन्हाळ्यात नळाला दिवसेंदिवस पाणी नाही, गावातलेच लोक म्हणायला लागले टुरिस्टांनो येऊ नका. जोशीमठचं तर १९७६ च्या मिश्रा समितीने सांगून ठेवलं होतं की ही जमीन जुन्या दरडीची आहे, जड बांधकाम करू नका, आणि २०२३ च्या जानेवारीत घरांना भेगा पडल्यावर तो रिपोर्ट सगळ्यांनी परत काढून वाचला.

पण आकडा ठरवला की लगेच पुढचा प्रश्न येतो आणि आमच्या ग्रुपमधले "काहीच करू नका"वाले तो सोयीस्कर विसरतात: ज्यांचं पोट त्या गर्दीवर आहे त्यांचं काय? दस्तुरीला एखाद्या रविवारी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. गाड्यांची लाइन खाली घाटात, घोडेवाले पुढे येतात, हमाल तुमची बॅग डोक्यावर घेतो, मागून एक घोडा सिमेंटच्या दोन गोण्या घेऊन चाललाय, त्याच्या मागे गॅसचे सिलेंडर, आणि त्या सगळ्यात एखादी शाळेतली मुलगी दप्तर घेऊन अमन लॉजच्या शटलकडे पळतेय. वर जाणारी प्रत्येक वीट, तांदूळ, औषध असंच चढतं, म्हणून वरचं घर दुरुस्त करणं खालच्यापेक्षा कितीतरी महाग. आपण चार तासांसाठी जातो तेव्हा गाड्या नाहीत याचं कौतुक वाटतं, बरोबरच आहे, मलाही वाटतं. पण वर कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर अ‍ॅम्ब्युलन्स आहे की नाही हा तिथल्या लोकांचा रोजचा प्रश्न आहे. पुढच्या शिक्षणासाठी मुलांना खाली उतरावंच लागतं, आणि उतरलेली मुलं परत वर किती येतात ते लोकसंख्येच्या आकड्यात दिसतंच.

हातरिक्षाचा प्रश्न यातलाच. माणसाने माणसाला ओढणं बंद व्हायलाच पाहिजे होतं, त्यात वाद नाही, पण परवानाधारक ९४ हातरिक्षावाले होते, त्यांना ई-रिक्षाचा परवाना मिळणार की ती बाहेरचा कोणी ठेकेदार चालवणार याच्यावर सगळं अवलंबून. कोर्टाने त्यांच्या पुनर्वसनाचं स्पष्ट सांगितलंय. डिसेंबर २०२२ ला ई-रिक्षाचा पायलट झाला तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला होता तोही समजण्यासारखा आहे. यावर माझं मत असं की ई-रिक्षा ठराविक संख्येनेच, एका ठराविक रस्त्यावरच, आणि आधी शाळेची मुलं, म्हातारे, पेशंट, मग टुरिस्ट. चार्जिंग कुठे होणार, ती जागा आणि त्याची वीज आराखड्यात दाखवायला लागते, नाहीतर उद्या ते जंगलाच्या कडेला शेड टाकून मोकळे होतात.

आणि आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, डोंगराचा पायथा. वरचे ते ७ आणि २१४.७३ आकडे आठवताहेत ना? माथेरानच्या डीपीची रेघ माथ्यावर संपते, डोंगर तिथे संपत नाही. एका बाजूला नेरळ, जिथे कारभार ग्रामपंचायतीचा आणि बिल्डिंगा शहरासारख्या, कारण ठाणे-कल्याणला घर परवडत नाही तो कर्जत लोकलच्या लाइनीवर पुढे पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूला पनवेल, तिथे २०१३ पासून विमानतळाभोवतीचा नैना प्रकल्प आणि त्याचं नियोजन सिडकोकडे, नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, पनवेल-कर्जत लोकलची लाइन येतेय. रोपवेची चर्चा तर वर्षानुवर्षं आहे. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या ऑफिसात वेगवेगळ्या नकाशावर आहे, आणि वर नगरपरिषद, अधीक्षकांचं ऑफिस, वन खातं, मध्य रेल्वे, जीवन प्राधिकरण, महावितरण हे सगळे आहेतच. रोपवे झाला तर एका तासात किती माणसं वर येतील हा आकडा पाण्याच्या टाकीच्या आकड्याशी कोणीतरी जुळवायला पाहिजे, आणि तो जुळवायचं काम झोनल मास्टर प्लॅनचं आहे. डीपी एकटा करूच शकत नाही.

पायथ्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण याच डोंगररांगेत आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. चाळीसेक घरांची ठाकर वाडी, गाडीरस्ता नाही, म्हणून मदतसुद्धा चालत वर गेली. सरकारने विधानसभेत सांगितलं की ही वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. यादीत का नव्हती याला नकाशाच्या बाजूने एक उत्तर आहे. देशभरासाठी दरडीच्या शक्यतेचे जे नकाशे केलेत ते १:५०,००० स्केलचे आहेत. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. चाळीस घरांची अख्खी वाडी त्यात दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका होते. त्या नकाशावर तालुका कळतो, वाडीच्या मागचा कडा कळत नाही. त्यामुळे वाड्यांच्या पातळीवर, १:५,००० किंवा त्याहून मोठ्या (म्हणजे जास्त बारकावे दाखवणाऱ्या) स्केलवर, भूगर्भवाल्यांनी प्रत्यक्ष चालत जाऊन केलेला सर्व्हे लागतो, आणि तो पिवळा रंग भरायच्या आधी. इर्शाळवाडीच्या लोकांना नंतर चौकजवळ सिडकोने घरं बांधून दिली. घर मिळालं, पण शेत, गुरं, रानातला मेवा सगळं डोंगरावर, म्हणजे खाली आणायचं तरी रोजगाराचं काय हा प्रश्न राहतोच, आणि जे वर राहिलेत अशा बाकीच्या वाड्यांना हेच दिसतं म्हणून ते उतरायला तयार नसतात.

तसं बघितलं तर माथेरानच्या बाबतीत ठाणे काही परकं नाही. १८५० ला ज्याच्यामुळे हे ठिकाण साहेबांच्या नकाशावर आलं तो ह्यू मॅलेट ठाण्याचाच कलेक्टर होता (धनगर, ठाकर, कातकरी तिथे आधीपासून फिरत होते हे वेगळं सांगायला नको). आजही शनिवार-रविवारी वर जाणाऱ्या गर्दीत ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईची माणसं किती असतात ते कर्जत लोकलमध्ये चढलं की कळतं. म्हणून प्रारूप डीपी किंवा झोनल प्लॅन जाहीर झाला की हरकत घ्यायचा अधिकार फक्त तिथल्या घरमालकालाच आहे असं समजू नका, कोणीही सूचना देऊ शकतं.

फक्त ती नीट द्या. "निसर्ग वाचवा" असं लिहिलेल्या शंभर अर्जांचा सुनावणीत एकच अर्ज होतो, मी बघितलंय हे. शीट नंबर लिहा, आरक्षणाचा नंबर लिहा, सर्व्हे नंबर दिसत असेल तर तो लिहा, आणि एका अर्जात एकच मुद्दा. उदाहरणार्थ: अमुक शीटवर अमुक नंबरचं पार्किंग आरक्षण आहे, तिथे समोच्च रेषांप्रमाणे उतार १:५ पेक्षा तीव्र आहे, तरी ते रद्द करून दस्तुरीच्या सध्याच्या जागेतच सोय करावी. किंवा: प्रस्तावित हॉटेल वापराच्या जागांची एकूण खोल्यांची संख्या आणि त्यांना लागणारं पाणी याचा तक्ता अहवालात नाही, तो जोडावा. किंवा: घोड्यांच्या तबेल्यांसाठी जागा दाखवलेली नाही. एवढं नेमकं लिहिलं की समितीला त्याच्यावर होय-नाही काहीतरी लिहावंच लागतं. नकाशाबरोबर एक जाड अहवाल असतो तोही मागून घ्या, लोक नुसता नकाशा बघतात आणि खरी माहिती त्या अहवालाच्या तक्त्यांत असते, पाण्याचा तक्ता आणि तरंगत्या लोकसंख्येचा, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या पाहुण्यांचा, तक्ता आधी काढा.

मुदत साधारण महिनाभराची असते, जाहिरात पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, आणि सणासुदीत आली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख मारून घ्यायची, ती फाइलला ठेवायची. सुनावणीचं पत्र त्याच पत्त्यावर येतं, तेव्हा पत्ता नीट लिहा आणि मोबाइल नंबर टाका, आणि पत्र आलं की जा, कारण माणूस हजर नसेल तर बऱ्याचदा अर्ज वाचून बाजूला ठेवतात.